बुरुजाच्या बांगड्या

जमनाबाय मला पहिल्यांदा दिसली ती माझ्या टेपवर पाय देऊन उभी असलेली. खाडीच्या तोंडाशी फिरंग्यांच्या काळातला एक टेहळणीचा बुरूज आहे, त्याची मापं घ्यायला मी गेलो होतो. टेपचं एक टोक शिपायाच्या हातात, दुसरं माझ्या हातात आणि मध्ये या बाईचा भेगाळलेला, चुन्याने पांढरा झालेला पाय.

"बाई, पाय काढा," मी म्हणालो.

"तुमी टेप काडा," ती म्हणाली. शेवटी मीच तिला वळसा घालून टेप दुसरीकडून धरली.

त्या वेळी मी सव्वीस वर्षांचा, कऱ्हाडकडचा, ओव्हरसियर म्हणून पालघरच्या बांधकाम कचेरीत नुकताच लागलेला. समुद्र त्यापूर्वी दोनदाच पाहिला होता आणि दोन्ही वेळा चपला हातात धरून. साल चौसष्ट-पासष्ट. तारापूरला विजेच्या मोठ्या केंद्राचं काम निघालं होतं. बोईसर स्टेशनाबाहेर घाटावरची माणसं ट्रंका घेऊन उतरत होती, चहाच्या टपऱ्यांवर हिंदी सुरू झालं होतं आणि जो तो दगड मागत होता. रस्ते रुंद करायला दगड, भराव घालायला दगड. आमच्या एका कंत्राटदाराची नजर या बुरुजावर गेली. घडीव दगड, आयता रचून ठेवलेला, खाणीपेक्षा जवळ. बुरुजाला वरपासून खालपर्यंत एक भेग होती, तीही त्याच्या पथ्यावर पडली. 'धोकादायक' एवढा एक शब्द कागदावर आला की काम झालं. तो शब्द लिहायला साहेबांनी मला पाठवलं होतं.

"कशाला मापताव?" तिने विचारलं.

"पाडायचाय. भेग पडलीय. कधीही कोसळेल."

"कदीबी? म्हंजे आज पन?"

"आजसुद्धा."

"बरा झाला सांगितला," असं म्हणून ती सरळ त्या भेगेखाली जाऊन बसली, कमरेचं गाठोडं सोडलं, तांदळाची भाकरी आणि सुकट काढली आणि जेवायला लागली. भिंतीला पाठ टेकून. मी आणि शिपाई उन्हात. तिचं जेवण झालं, तिने चूळ भरली, पान लावलं. बुरूज काही पडला नाही. मला मात्र उशीर होत होता. मी एका माडाखाली बसून पंधरा मिनिटांत अहवाल लिहिला, त्यात तो शब्द घातला आणि सायकलला टांग मारली. खोटं कशाला सांगू, त्या भेगेत मी साधं बोट घालूनही पाहिलं नव्हतं.

ही बाई कोण, हे मला हळूहळू कळलं. माहेर माकुणसारचं, सासर इथलं. सासऱ्याची चुनाभट्टी होती, ती आता एकटी चालवायची. कोळणींकडून शिंपल्या घ्यायच्या, भाजायच्या, विझवायच्या आणि तो चुना खड्ड्यात पाण्याखाली मुरत ठेवायचा. उंच, काटक बाई, पन्नाशी उलटलेली. डावा डोळा उकळत्या चुन्याचा थेंब उडून गेला होता. उजव्या डोळ्याने ती दोन माणसांचं बघून घ्यायची. बोटांची नखं चुन्याने खाल्लेली. पान खायची, पण दुसऱ्याच्या डबीतला चुना कधी घेत नसे. मी एकदा आपली डबी पुढे केली तर म्हणाली, "लोकांचा चुना मी भितीला लावत नाय, जिबेला काय लावू?"

चुना कसा मळावा याबद्दल ती बोलू लागली की थांबायची नाही. बेलफळाचा गर किती, हिरडा किती, गुळाचं पाणी कधी. बोटावर चुना घेऊन अंगठ्याशी चोळायची आणि डोळा मिटायची. मग एकतर "झाला" म्हणायची, नाहीतर सगळी पाटी परत खड्ड्यात. तिच्या हाताखालच्या बाया कावायच्या. "आमचा पोर जलमून चालायला लागला, पन हिचा चुना अजून मुरतोय," असं त्यातली एक म्हणाली तेव्हा जमनाबाय शांतपणे उत्तरली, "तुज्या पोराला शंबर वर्सा उबा ऱ्हायाचा नाय. ह्याला ऱ्हायाचा हाय."

गावात नवी घरं सिमेंटची व्हायला लागली होती. तिच्या भट्टीकडे पूर्वीसारखं कोणी येत नव्हतं. कंत्राटदाराने तिला तारापूरच्या कामावर बायांची मुकादम करतो म्हणून निरोप धाडला होता, म्हणजे ती बुरुजापासून दूर होईल. ती त्याच्याकडे स्वतः चालत गेली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "तुमचा केंद्र मोठा होऊ द्या, आमच्या घरात पन दिवा लागेल. त्याच्यावर माजा राग नाय. पन ह्याचे दगड खाऊन तो मोठा व्हायाचा नाय." मुकादमकी परत करून ती भट्टीवर आली.

तिला या बुरुजाचं एवढं काय, हे विचारायचं धाडस मी बऱ्याच दिवसांनी केलं. माझी कल्पना अशी की काही देवबीव असेल, नवसबिवस असेल. तिने बुरुजाच्या माथ्याकडे बोट केलं. तिथे कठड्याखाली गिलाव्याचा एक पट्टा होता, बाकीच्यापेक्षा उजळ.

"ता माज्या नवऱ्याचा काम. गोऱ्या सायबाच्या टायमाला केलता. वर बोटा पन उठलीत त्याची."

"चांगला गवंडी असणार," मी आपलं म्हणायचं म्हणून म्हणालो.

"मानूस वायट होता," ती म्हणाली. "दारू पियाचा. मला मारायचा. पन चुन्यात कदी खोटेपना केला नाय. सगल्या सौंसारात येवडा एकच काम त्याच्या हातून धड झाला, ओवरशेर. आनि ताच तुमी पाडताव?"

मी सायकल घेऊन निघालो.

माझ्या अहवालावर सही-शिक्के झाले आणि चैत्रात कंत्राटदाराने बुरूज उतरवायला माणसं पाठवली. मनोरकडच्या डोंगरातली पंधरा-वीस माणसं, पहारी आणि घण घेऊन. देखरेखीला मी. आम्ही पोचलो तर भेगेच्या बरोबर खाली तीन दगडांची चूल पेटलेली आणि जमनाबाय भात शिजवत बसलेली. कंत्राटदाराचा माणूस ओरडला, "ए म्हातारे, ऊठ, मरशील." ती म्हणाली, "मी मेले तर ह्यांचा कागद खरा. नाय मेले तर कागद खोटा. बसू दे मला, कागदाची परीक्षा चाललीय."

कामाला आलेल्यांपैकी एक म्हातारा पुढे झाला. त्याने आधी भिंतीवर पहार वाजवून पाहिली, मग भेगेकडे पाहिलं, मग चुलीवरच्या भाताकडे. "कसला पडतंय?" तो इतरांना म्हणाला. "ही बाय सोताचा भात टाकून बसलीय. पडनारं आसतं तर तांदूळ वाया घालवला नसता." या युक्तिवादापुढे माझा अहवाल काय टिकणार? ऊन चढलं होतं. सगळे बुरुजाच्या सावलीत बसले, आपापल्या शिदोऱ्या सोडल्या, जमनाबायने वर थोडं कालवण वाढलं. ज्याला पाडायला आले त्याच्याच सावलीत जेवून ती माणसं दुपारी उठून गेली. पहार एकदाच वाजली, तीही तपासायला.

साहेब माझ्यावर भडकले. पण पाऊस दीड-दोन महिन्यांवर आला होता आणि कंत्राटदाराला आधी रस्ते उरकायचे होते. शेवटी साहेब म्हणाले, "दसऱ्यानंतर पाडू. मी स्वतः येईन. ती बाई आणि तिची चूल तोवर हलली पाहिजे."

हा निरोप मी तिला सांगितला. तिने बोटांवर महिने मोजले. मग म्हणाली, "म्हंजे पावसाल्याचे चारी म्हयने मिलले. लय झाला. रविवारी बोयसरला येताव काय? बाजार हाय."

बोईसरच्या आठवडा बाजारात ती मला थेट कासाराच्या पालापुढे घेऊन गेली. पालापुढे पाच-सहा बायका बसलेल्या. जमनाबायने हिरव्या काचेच्या बांगड्या मागितल्या. कासाराने तिच्या कपाळाकडे पाहिलं, मोकळ्या मनगटांकडे पाहिलं आणि चाचरत विचारलं, "सुनेला का, बाय? माप काय?"

"मोट्यात मोट्या दे. सात."

"सात कशा? जोडीने घे, डझनाने घे."

"माप माजा हाय. सात."

"पण भरायच्या कोणाला?"

"बुरजाला," ती म्हणाली.

बायका हसल्या. एकजण मात्र हसली नाही. आवाज चढवून म्हणाली, की रांडाव बाईने हिरवा चुडा हातात धरावा, हे कोणत्या धर्मात बसतं? जमनाबायने बांगड्या एकेक करून उन्हात धरल्या, तडा नाही ना बघितलं आणि पदरात बांधल्या. मग त्या बाईकडे वळून म्हणाली, "धर्मात नाय, भितीत बसतात. ये बगायला." कासाराने सुटी नाणी मोजून परत दिली तेव्हा त्याची मान खाली होती, हसू दाबत होता की लाजत होता देव जाणे.

बुरुजाशी परत आल्यावर तिने जे केलं ते पाहून माझे डोळे उघडले. भेगेवर वरून खाली, हात-हात अंतर सोडून, तिने एकेक अख्खी बांगडी आडवी टेकवली. बांगडीची एक कड भेगेच्या या अंगाला, दुसरी त्या अंगाला, आणि दोन्हीकडे चुन्याचा घट्ट गोळा. आतल्या जिन्यात पाच, बाहेर समुद्राच्या अंगाला दोन. "माज्या सासऱ्याची रीत," ती म्हणाली. "भित जराबी हलली तर काच कटकन सांगते. काचेला भीड नाय."

कॉलेजात आम्हाला शिकवलं होतं, भेग जिवंत आहे की मेलेली हे पाहायला तिच्यावर काचपट्टी चिकटवावी. परीक्षेत मी ते आकृतीसह लिहून आलो होतो. बुरुजासमोर उभं राहिल्यावर मात्र मला आठवलं नाही, आणि या बाईने ते कासाराकडून आणलं. मला माझी लाज वाटली. साहेबांची नाही, कंत्राटदाराची नाही, माझी. त्या दिवसापासून मी मनाने तिच्या बाजूला गेलो. उघडपणे जायला अजून हिंमत नव्हती.

तिने मग मला गावातल्या गोपाळ तांडेलाच्या होडीत घातलं. तांडेल म्हणजे होडीचा मुख्य. "ह्याला दाव," एवढंच ती त्याला म्हणाली आणि काठावर उभी राहिली. आम्ही आत गेलो, लांबवर गेलो, मी होडीची कड घट्ट धरली. परतताना तांडेलाने सुकाणू धरून मला समोर बघायला सांगितलं. "तो मागचा डोंगर दिसतो? त्याच्या खांद्याला बुरूज लागला का मी वलनार. आदी वललो तर खडक, मंग वललो तर वालू. माज्या बापाने असाच आनला, त्याच्या बापाने पन." बुरूज सरकत सरकत डोंगराच्या खांद्याला लागला, होडी वळली आणि दोन्हीकडे पांढरं पाणी फुटत असताना मधल्या काळ्या पाण्यातून आम्ही सरळ खाडीत आलो. "उद्या हा नसला तर?" मी विचारलं. तांडेल म्हणाला, "मंग तुमीच उबे ऱ्हावा त्या जागी, सायेब. उंची जरा कमी पडल." काठावर जमनाबाय विचारत होती, "ओकला काय?" मी नाही म्हणालो. ते खरं नव्हतं, पण तिला कळलंच.

आता मी केलेली चूक सांगतो. ती सांगितल्याशिवाय जमनाबाय पुरी होत नाही.

मे महिन्याच्या शेवटी ती माकुणसारला भावाकडे लग्नाला गेली होती. पाऊस तोंडावर आला होता. माझ्या मनात आलं, भेगेत पाणी शिरलं तर हिच्या बांगड्या जायच्या आणि बुरूजही. आपण काहीतरी करावं. कामावरचं अर्धं पोतं सिमेंट उरलं होतं, ते नेऊन मी बाहेरच्या बाजूला, भेगेच्या तळाशी, पुरुषभर उंचीपर्यंत छान लिंपून टाकलं. वरून पाणी मारलं, थापी फिरवली. सातवी बांगडी तिथेच होती, तिला धक्का लागू दिला नाही. ओव्हरसियरच्या हातचं काम, आरशासारखं. आल्यावर ती खूश होईल असं मला वाटलं होतं.

ती आली, तिने पाहिलं, सिमेंटवर हात फिरवला. खूश झाली नाही. "कोनी केला?" असंही विचारलं नाही. एवढंच म्हणाली, "पानी वरून येनारच, ओवरशेर. शंबर भोका बुजवा, येनार. त्याला भायेर जायाची वाट ठेवायची असते. पावना घरात घेतला आनि दार लावला, तर तो कुटे जानार?" मी मनात म्हणालो, म्हातारीला सिमेंटचं वावडं. तिने ते काढायला घेतलं तसा धो धो पाऊस सुरू झाला आणि चार महिने त्या अंगाला कोणाला उभं राहता आलं नाही. वारा माणूस उडवून नेत होता.

दसरा झाला. साहेब जीपने येणार म्हणून मी सकाळी लवकर पुढे गेलो. आत जिन्यात गेलो. पहिली बांगडी शाबूत. दुसरी शाबूत. पाचही शाबूत, हिरव्यागार. अख्खा पावसाळा झोडपून गेला आणि बुरूज केसभर हलला नव्हता. मी जवळजवळ धावतच बाहेर आलो. सहावी शाबूत. सातवीचे दोन तुकडे झाले होते. माझ्या सिमेंटच्या कडेचे दोन दगड बोटभर पुढे आले होते.

जमनाबाय शेजारी येऊन उभी राहिली. "ही वाढली," ती म्हणाली. काही झालं तरी बांगडी फुटली असं ती म्हणाली नाही.

मी इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच म्हणालो, "मावशी, साहेब यायला वेळ आहे. ही काढून टाकू. सहाच होत्या म्हणून सांगू."

तिचा तो एक डोळा माझ्यावर आला. त्यानंतर पुष्कळ साहेबांनी माझ्याकडे रागाने पाहिलं, पण तसं कोणी नाही. "सा खऱ्या म्हनून मी छातीवर हात मारून सांगनार," ती म्हणाली, "आनि सातवी लपवनार? मंग त्या सा कोन खऱ्या मानील? खोटाच करायचा होता तर तुमचा कागद काय वायट होता?"

जीप आली. साहेब उतरले, मागून कंत्राटदार. साहेब माणूस कडक, पण दगडाची जाण असलेला. त्यांनी बांगड्या पाहिल्या आणि त्यांच्या भुवया वर गेल्या. काचपट्टी त्यांनाही शिकवली होती. एकेक बांगडीवर त्यांनी नखाने टिचकी मारली. कंत्राटदार मात्र नेमका सातवीपाशी जाऊन उभा राहिला. "ही बघा साहेब! तुटली! हलतोय बुरूज!"

"हां, ही वाढली," जमनाबाय म्हणाली. "तुमी दाखवायची गरज नाय, मीच दाखवनार होते." तिने कमरेची छिन्नी काढली, हातोडी घेतली आणि कोणाला विचारल्याशिवाय माझ्या त्या आरशासारख्या सिमेंटवर घाव घालायला सुरुवात केली. चार घाव, पाच घाव. एक खपली ढासळली आणि आतून काळं, कुजकट पाणी असं उसळलं की साहेबांचे बूट भिजले. पाऊस उघडून पंधरा दिवस झाले होते आणि ते पाणी अजून आतच होतं. दगड ढकलत.

"भितीला काय झाला नाय, सायेब," ती म्हणाली. "जितं पान्याला वाट होती तितं सा बांगड्या ऱ्हायल्या. जितं वाट बुजवली तितं वाढली."

"हे सिमेंट कोणी केलं?" साहेबांनी विचारलं.

ती समुद्राकडे बघत उभी राहिली. तिला ठाऊक होतं. पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. तिने माझं नाव घेतलं असतं तर तिचंच काम सोपं झालं असतं. तिने तोंड उघडलं नाही. आणि ती गप्प राहिली म्हणूनच मला गप्प राहता येईना.

"मी केलं, साहेब," मी म्हणालो. "आणि आधीचा अहवालही मी भेग न तपासता लिहिला होता."

कंत्राटदाराने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्याच्या ताटातली भाकरी उचलली. साहेब खाली वाकले. रुमालाने बूट पुसले. मग जमनाबायला विचारलं, "भेग भरायला किती दिवस लागतील? चुना मुरायलाच वर्ष जाईल तुझा."

"वरीस झाला," ती म्हणाली. "खड्ड्यात तयार हाय. तुमी कदी येनार ता ठाव नवता. पन कोनीतरी येनार, ता ठाव होता."

साहेब प्रथमच हसले. दगड खाणीतून आणावा लागेल, असं कंत्राटदाराला तिथेच सांगितलं. मला म्हणाले, "शिमग्यापर्यंत भेग भरलेली दिसली तर नवा अहवाल लिही. या वेळी बोट घालून."  जाताना जमनाबायला वळसा घालून गेले, माझ्या टेपवर ती उभी होती तेव्हा मी गेलो होतो तसे.

त्या हिवाळ्यात गावाने बुरूज बांधला म्हणायला हरकत नाही. तांडेलाच्या माणसांनी बांबूंची परांची उभारली, डोलकाठ्यांचे दोर लावले. बाया पाट्या वाहायच्या. बाजारातली ती धर्म विचारणारी बाईसुद्धा एक दिवस बघायला आली आणि चार पाट्या वाहून गेली. जमनाबाय वरच्या फळीवर उकिडवी बसून भेगेत चुना आणि दगडाच्या चिपा भरायची, तळाशी पाण्याला जायला वाट ठेवायची आणि वरून सगळ्यांना शिव्या द्यायची. नवऱ्याच्या पट्ट्यापर्यंत काम पोचलं त्या दिवशी तिने सगळ्यांना खाली उतरवलं. तिथे एकटीने हात फिरवला. त्याच्या बोटांच्या खुणा तिने बुजवल्या नाहीत. त्यांच्या बाजूने काम आणून थांबवलं. उतरल्यावर म्हणाली, "मेल्याने कडेला एक जागा सोडलीच होती. जलमभर अर्दवट." आणि पदराने तोंड पुसलं. चुना होता की काय होतं, मी विचारलं नाही.

शिमग्याच्या आधी माझी बदलीची ऑर्डर आली. घाटावर, माझ्याच मुलखात. लोक पेढे मागत होते आणि मला काही ते गोड वाटत नव्हतं. शेवटचं काम म्हणून बुरुजाची मापं घ्यायला गेलो. शिपाई सोबत नव्हता. टेपचं दुसरं टोक जमनाबायने धरलं.

भेग गेली होती. बांगड्या मात्र होत्या तशाच होत्या, सहा जुन्या आणि एक नवी. त्यांच्या भोवतीनं तिने गिलावा फिरवला होता. मी नियमाप्रमाणे म्हणालो, "मावशी, भेग भरली. आता या बांगड्यांचं काम संपलं. काढून टाकूया."

ती टोक धरून पलीकडच्या कडेला उभी होती. तिथूनच म्हणाली, "माज्या काडल्या होत्या लोकांनी. चौकात बसवून. मला कोनी इचारला नाय. ह्याच्या कोन काडतो ता मी बगते."

मी मान खाली घालून वहीत लिहायला लागलो. माप लिहिलं, तारीख घातली, सही केली. मग टेप गुंडाळायला गेलो तर ती येईना. जमनाबायने टोक सोडलं नव्हतं.

"सोडा ना मावशी. झालं माप."

"काय लिवला? आदी वाचून दावा."

तिला अक्षर येत नव्हतं आणि माझ्यावर विश्वास ठेवायचं तिला काही कारण नव्हतं. मी वही उघडली आणि खाडीवरच्या वाऱ्यात मोठ्याने वाचलं, "बुरूज सुस्थितीत आहे. पाडण्याचे कारण नाही."

"पुन्ना वाचा."

मी पुन्हा वाचलं. तेव्हा तिने टेप सोडली.